ब्रेक आणि ट्रॅक्शनचे दिवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅशबोर्डवरच्या इतर दिव्यांकडे चार दिवस काणाडोळा केला तर बहुतेक वेळा फक्त खर्च वाढतो. ब्रेकच्या दिव्याचं तसं नाही. तो लागला की सगळ्यात आधी एवढंच ठरवायचं असतं, की गाडी पुढे न्यायची की नाही. म्हणून इथे आधी रस्त्यावरचे प्रश्न घेतले आहेत आणि मग गॅरेजमधले. चिन्हं बहुतेक गाड्यांत सारखीच असली तरी तपशील बदलतात. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातलं दिव्यांचं पान एकदा निवांत वाचून ठेवा. दिवा लागल्यावर ते शोधत बसायला वेळ नसतो.

चालत्या गाडीत ब्रेकचा लाल दिवा लागला. आत्ता काय करू?

पहिल्यांदा हँडब्रेक बघा. एखादा दात ओढलेला राहिला तरी हा दिवा लागतो. हँडब्रेक पूर्ण खाली केल्यावर दिवा विझला तर काळजीचं कारण नाही. मात्र गाडी तशीच बरंच अंतर चालवली असेल तर थांबून मागच्या चाकांपाशी जळका वास येतोय का ते बघा आणि तापलेले ब्रेक निवू द्या.

हँडब्रेक खाली असूनही दिवा तसाच राहिला, तर आरशात मागची वाहतूक बघून ब्रेकचं पेडल हलकेच दाबा. पायाला काय जाणवतं ते इथे दिव्याइतकंच महत्त्वाचं आहे. पेडल नेहमीच्या उंचीवर आणि नेहमीसारखं घट्ट लागलं, तर वेग कमी करा, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घेऊन ब्रेक ऑइलची पातळी बघा. पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, मऊ लागलं, दाबून धरल्यावर हळूहळू आत सरकत राहिलं, किंवा गाडी थांबायला जास्त अंतर घेऊ लागली, तर ती थांबवा आणि तिथून पुढे चालवत नेऊ नका. टो करून न्या. गॅरेज जवळच आहे, हळूहळू नेतो, असं अनेक जण म्हणतात. गॅरेज जवळ असलं तरी वाटेत माणसं असतातच.

लाल दिवा लागलाय, पण ब्रेक तर लागतायत. मग एवढं घाबरायचं कशाला?

ब्रेक लागतात, कारण आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन पिस्टन असतात आणि प्रत्येक पिस्टन दोन-दोन चाकांना दाब पुरवतो. अनेक गाड्यांत ही विभागणी तिरकी असते: पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एका मार्गावर, उरलेली दोन दुसऱ्या मार्गावर. एक पाइप फुटला तरी दुसऱ्या मार्गावरची चाकं ब्रेक धरतात. ही सोय गाडी कशीबशी थांबवता यावी यासाठी आहे, पुढचा प्रवास करण्यासाठी नाही. अशा वेळी पेडल खोल जातं, थांबण्याचं अंतर बरंच वाढतं, आणि उरलेला मार्ग निकामी झाला तर मागे राखीव काहीच नसतं.

हाच दिवा हँडब्रेकचा आणि हाच बिघाडाचा, असं कसं?

वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस, असं हे चिन्ह. अनेक गाड्यांत एकच दिवा तीन गोष्टी सांगतो: हँडब्रेक ओढलेला आहे, ब्रेक ऑइल कमी झालंय, किंवा ब्रेकच्या यंत्रणेत गंभीर दोष आहे. काही गाड्यांत हँडब्रेकसाठी वर्तुळातल्या पी अक्षराचा वेगळा दिवा असतो. कोणता दिवा कशासाठी, हे ओळखायची सोपी युक्ती अशी: सपाट जागी गाडी उभी असताना, ब्रेकवर पाय ठेवून, हँडब्रेक ओढा आणि सोडा. जो दिवा लागतो आणि विझतो तो हँडब्रेकचा. विझत नाही तो दुसरं काही सांगतोय.

ब्रेक ऑइल जळत नाही, मग कमी कसं होतं?

बॉनेट उघडून बघितलं तर हे लगेच समजतं. बहुतेक गाड्यांत चालकाच्या बाजूला, इंजिनखान्याच्या मागच्या भिंतीलगत, पांढुरक्या प्लास्टिकची एक लहान डबी असते. ती मास्टर सिलिंडरवर बसवलेली असते आणि तिच्या अंगावर कमाल आणि किमान अशा दोन रेघा असतात. आतलं ऑइल बाहेरूनच दिसतं, त्यामुळे पातळी बघायला झाकण उघडावं लागत नाही. आत एक फ्लोट तरंगत असतो, त्यात छोटं चुंबक बसवलेलं असतं. ऑइल खाली गेलं की फ्लोट खाली जातो, चुंबक स्विचपाशी पोचतं आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटतो. सगळी यंत्रणा एवढीच, आणि ती क्वचितच खोटं बोलते.

आता ऑइल जातं कुठे? ब्रेक पॅड झिजत जातात तसा, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन झिजेइतका बाहेर सरकून राहतो. त्याच्या मागे जी जागा मोकळी होते ती डबीतलं ऑइल भरून काढतं. चारही चाकांचे पॅड बरेच झिजले की डबीतली पातळी किमान रेघेजवळ येते. म्हणजे हजारो किलोमीटरमध्ये सावकाश उतरलेली पातळी गळतीची असेलच असं नाही. ती बहुधा पॅड बघा असं सांगत असते.

काही दिवसांत झपाट्याने उतरलेली पातळी मात्र गळतीच. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर ओघळ, टायरच्या भिंतीवर तेलकट डाग, पेडलच्या वर किंवा खालच्या मॅटवर ओल, या जागा बघा. काही वेळा मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून ऑइल बूस्टरमध्ये, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या भागात, उतरतं आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. डाग नाही म्हणून गळती नाही, असं समजू नका.

ऑइल भरून टाकलं, दिवा गेला. आता चालवू ना?

नका. हा माझ्या मते ब्रेकच्या बाबतीतला सगळ्यात धोकादायक आळस आहे. ऑइल का उतरलं ते न बघता भरलं, तर एकमेव इशारा आपण आपल्या हाताने बंद करतो. पॅड संपत आले असतील तर ते आता गुपचूप संपतील. गळती असेल तर ती चालूच राहील.

आणखी एक अडचण अशी की पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलावे लागतात आणि वरून भरलेलं ऑइल डबीतून उतू जातं. ब्रेक ऑइल रंगाला खातं, बॉनेटखाली सांडलं तर लगेच पाण्याने धुऊन काढावं लागतं. आधी पॅड आणि गळती तपासा, मग ऑइल.

कोणतं ऑइल टाकायचं?

डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं: डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१. हे तिन्ही एकाच प्रकारच्या रसायनाचे आहेत, फरक मुख्यतः उकळबिंदूचा. ताज्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०, तर डॉट ५.१ चा २६० असावा लागतो. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि मग तोच आकडा खाली येतो. पाणी शोषलेल्या डॉट ४ साठी किमान १५५ अंश एवढीच अट आहे. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबलं तरी फक्त वाफ दाबली जाते. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी बहुतेक गाड्यांत कोणताही दिवा नसतो. म्हणून बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. हा सल्ला पाळण्यासारखा आहे.

डॉट ५ वेगळं आहे. ते सिलिकॉनचं असतं, वरच्या तिघांत मिसळत नाही आणि एबीएसच्या, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या, गाड्यांसाठी नसतं. आकडे जवळचे दिसतात म्हणून डॉट ५ आणि डॉट ५.१ यांत गल्लत करू नका. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल चुकून ब्रेकच्या डबीत गेलं तर गाडी सुरू करू नका, पेडल दाबू नका, टो करा. त्याने रबरी सील फुगतात आणि बऱ्याचदा पूर्ण यंत्रणेचे रबरी भाग बदलावे लागतात.

लाल दिवा फक्त वळणावर किंवा चढावर क्षणभर लुकलुकतो. दोष दिव्यात आहे का?

बहुतेक वेळा नाही. ऑइल किमान रेघेच्या आसपास आहे, गाडी कलली की ते एका बाजूला सरकतं आणि फ्लोट क्षणभर खाली जातो. याच टप्प्यावर गाडी दाखवली तर काम स्वस्तात होतं.

पिवळा एबीएस दिवा लागून राहिला. ब्रेक लागतील का?

लागतील. एबीएस ही नेहमीच्या ब्रेकवर बसवलेली जादा यंत्रणा आहे. दोष दिसला की ती स्वतःला बाजूला काढते आणि तुमच्याकडे साधे ब्रेक उरतात. फरक कळतो तो कचकन ब्रेक दाबल्यावर, खास करून ओल्या रस्त्यावर: चाकं जाम होतात, गाडी घसरत सरळ जाते आणि स्टिअरिंग फिरवलं तरी वळत नाही. एबीएस चालू असताना चाक जाम होऊ लागलं की त्याचा दाब सेकंदाला अनेक वेळा सोडला आणि परत लावला जातो, त्यामुळे चाक फिरतं राहतं आणि गाडी वळवता येते.

तर एबीएसचा एकटा पिवळा दिवा असेल आणि पेडल नेहमीसारखं असेल, तर अंतर राखून, वेग आवरून गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. अचानक थांबायची वेळ आली तर ब्रेक दाबा, चाकं जाम झाल्याचं जाणवलं की दाब थोडा सैल करा, पुन्हा दाबा. हे फक्त एबीएस बंद असलेल्या गाडीसाठी. एबीएस चालू असेल तर असं पंपिंग करायचं नसतं. पूर्ण जोराने दाबून धरायचं आणि अडथळा चुकवत स्टिअरिंग फिरवायचं. त्या वेळी पेडल पायाखाली थरथरतं आणि खरखर आवाज येतो. घाबरून पाय उचलू नका, ते यंत्रणा काम करत असल्याचं लक्षण आहे.

लाल दिवा आणि एबीएसचा पिवळा दिवा, दोन्ही एकदम लागले तर?

ही जोडी सगळ्यात गंभीर. गाडी थांबवा.

कारण असं. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकांना पुढच्याइतकाच दाब मिळाला तर ती आधी जाम होतात. पुढची चाकं जाम झाली तर गाडी सरळ घसरते, पण मागची आधी जाम झाली तर गाडीचा मागचा भाग पुढे येऊ बघतो आणि गाडी गरकन फिरते. जुन्या गाड्यांत मागच्या चाकांचा दाब मर्यादित ठेवायला एक यांत्रिक व्हॉल्व्ह असायचा. आता बहुतेक गाड्यांत तेच काम एबीएसचं युनिट करतं, त्याला ईबीडी म्हणतात. एबीएसमधला दोष एवढा मोठा असेल की ईबीडीसुद्धा बंद पडलं, तर गाडी दोन्ही दिवे एकत्र लावून ते सांगते. पेडल पायाला अगदी ठीक लागू शकतं आणि फसवणूक इथेच होते, कारण हळू ब्रेक मारताना काहीच वेगळं जाणवत नाही.

दोन्ही दिवे लागण्याचं दुसरं कारण म्हणजे ऑइल खूपच कमी होणं. आधी पातळी बघा. पातळी ठीक असेल तर ईबीडी गेलंय असं धरून चाला आणि टो बोलवा. टो मिळेपर्यंत गाडी धोक्याच्या जागेवरून हलवावीच लागली, तर अगदी सावकाश आणि हलक्या पायाने.

घसरणाऱ्या गाडीचं चिन्ह मध्येच लुकलुकतं आणि जातं. बिघाड आहे का?

नाही. गाडीखाली दोन नागमोडी रेघा असलेला हा दिवा ईएससी आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा. तो लुकलुकतो तेव्हा यंत्रणा त्या क्षणी काम करत असते. एखादं चाक जागच्या जागी फिरू लागलं तर त्याला ब्रेक लावला जातो किंवा इंजिनची ताकद कमी केली जाते. वळणावर गाडी स्टिअरिंगच्या दिशेने न जाता बाहेर किंवा आत सरकू लागली, तर ईएससी योग्य त्या एकाच चाकाला ब्रेक लावून तिला रेषेत आणते. मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लासमध्ये बॉशचं एबीएस १९७८ साली आलं आणि १९९५ साली याच घराण्याच्या गाडीत ही स्थैर्याची यंत्रणा आली. दोन्हींचा पाया एकच: प्रत्येक चाकाचा वेग वेगळा मोजायचा आणि प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक लावायचा.

लुकलुकणं बिघाडाचं नसलं तरी त्याचा अर्थ रस्ता निसरडा आहे आणि वेग जास्त आहे, असा होतो. तेवढा ऐका. कोरड्या, सरळ रस्त्यावर साध्या वेगात तो वारंवार लुकलुकत असेल तर मात्र टायर गुळगुळीत झालेत का, किंवा एखाद्या चाकाचा सेन्सर चुकीचा वेग सांगतोय का, ते तपासा.

तोच दिवा सतत लागून राहिला तर? आणि ऑफ लिहिलेला असेल तर?

सतत लागलेला दिवा म्हणजे दोष सापडला आणि यंत्रणा बंद झाली. खाली ऑफ लिहिलेला दिवा म्हणजे कुणीतरी बटण दाबून ती बंद केली आहे. गाडी साफ करताना किंवा सामान ठेवताना हे बटण नकळत दाबलं जातं. गॅरेज गाठण्याआधी एकदा तेवढं बघा.

मुळात ते बंद करायचं बटण दिलंय कशाला?

चिखलात, वाळूत किंवा खोल बर्फात गाडी रुतली की चाकं थोडी फिरू द्यावीच लागतात. ट्रॅक्शन कंट्रोल नेमकं तेच होऊ देत नाही. इंजिनची ताकद कापली जाते आणि गाडी जागेवर बसते. तेवढ्यापुरतं बंद करा आणि बाहेर पडल्याबरोबर पुन्हा चालू करा. रस्त्यावर ते बंद ठेवून चालवण्याचं एकही चांगलं कारण मला माहीत नाही.

एबीएस, ट्रॅक्शन, चढावर गाडी धरून ठेवणारी यंत्रणा, सगळे दिवे एकदम लागले. सगळंच बिघडलं का?

बहुधा एकच गोष्ट बिघडली आहे. या सगळ्या यंत्रणा चाकांच्या वेगाच्या त्याच चार सेन्सरवर चालतात. एक सेन्सर गप्प झाला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या जणी एकदम बाजूला होतात.

हा सेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढा भाग, चाकाच्या मागे बेअरिंगपाशी बसवलेला. त्याच्यासमोर दातेरी लोखंडी कडी फिरते किंवा बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेली चुंबकीय कडी फिरते. कडीवर गंज चढला, तिला तडा गेला, सेन्सरच्या टोकावर लोखंडाचा कीस आणि चिखल जमला, किंवा दोघांतली फट वाढली की वेगाचे ठोके चुकतात. वायर तर चाकाबरोबर सतत वर-खाली आणि डावी-उजवी हलत असते, त्यामुळे ती आवरणाच्या आतूनच तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. पाण्यातून गाडी नेल्यावर दिवा लागतो आणि वाळल्यावर जातो, तेव्हा कनेक्टरमध्ये ओल शिरलेली असते. आणि बेअरिंग बदलून आणल्यावर लगेच दिवा लागला असेल तर बेअरिंग उलटं बसलंय का ते आधी विचारा. चुंबकीय कडी असलेली बाजू सेन्सरकडे यावी लागते, ती पलीकडे गेली तर सेन्सरला काहीच दिसत नाही.

अनेकदा नुसत्या साफसफाईने काम होतं. थेट एबीएसचं अख्खं युनिट बदलायला सांगितलं गेलं, तर सेन्सर, वायर आणि कडी तपासली का, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. युनिट बिघडतं, पण त्याचा नंबर तपासणीत शेवटचा.

इंजिनचा दिवा आणि ट्रॅक्शनचा दिवा एकत्र लागतात. ब्रेक बघू की इंजिन?

इंजिन. ट्रॅक्शन कंट्रोलला इंजिनची ताकद अचूक कमी-जास्त करता यावी लागते. इंजिन मिसफायर करत असेल (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल) किंवा थ्रॉटलमध्ये, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेत, दोष असेल, तर ते शक्य नसतं, म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल बंद केलं जातं. इंजिनचा दोष गेला की दुसरा दिवा बहुधा आपोआप जातो.

बॅटरी बदलली किंवा जंपर लावून गाडी सुरू केली आणि हे दिवे लागले.

बॅटरी काढल्यावर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर मधली जागा विसरू शकतो. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि थोडं सरळ चालवलं की दिवा जातो. काहींना स्कॅनरनेच, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या उपकरणानेच, शिकवावं लागतं. अलाइनमेंटनंतर दिवा लागला तरी हाच सेन्सर आधी तपासायला सांगा. आणि बॅटरी मरतुकडी असेल किंवा अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारा जनरेटर) ती नीट चार्ज करत नसेल, तर व्होल्टेज घसरल्यामुळे एकाच वेळी अर्धा डॅशबोर्ड पेटू शकतो. तेव्हा ब्रेकचे भाग बदलण्याआधी व्होल्टेज मोजा.

स्टेपनी लावल्यावर दिवा का लागतो?

लहान मापाची स्टेपनी लहान घेराची असते, म्हणून त्याच वेगात जास्त वेळा फिरते. यंत्रणेला ते चाक घसरतंय असं वाटतं. चार चाकांना वेगवेगळ्या मापाचे टायर असले, किंवा एकाच टायरची हवा फार कमी झाली, तरी तसंच होऊ शकतं. काही गाड्या हवा कमी झाल्याचा इशारासुद्धा याच सेन्सरवरून देतात.

ट्रॅक्शनचा दिवा लागलाय आणि मागचे ब्रेकलाइट विझतच नाहीत.

पेडलवरचा स्विच. लहान आणि स्वस्त भाग, पण ब्रेक दाबलाय की नाही हे सगळ्या यंत्रणांना तोच सांगतो. तो बिघडला की ईएससीचा दिवा लागतो, क्रूझ कंट्रोल चालत नाही, ऑटोमॅटिक गाडी पार्किंगच्या गिअरमधून बाहेर येत नाही. ब्रेकलाइट लागतच नसतील तर मागून येणाऱ्याला तुम्ही थांबताय हे कळत नाही. त्याच दिवशी बदलून घ्या.

वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना तुटक रेघा असलेला पिवळा दिवा कशाचा?

ब्रेक पॅड संपत आल्याचा. पॅडमध्ये एक वायर ठरावीक खोलीवर पुरलेली असते. पॅड तिथपर्यंत झिजला की ती डिस्कला घासून तुटते आणि दिवा लागतो. नवीन पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो आणि ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा, असा सर्वसाधारण ठोकताळा. हा दिवा सगळ्या गाड्यांत नसतो आणि असला तरी बऱ्याचदा एखाद-दुसऱ्याच चाकाला सेन्सर असतो. ज्या गाड्यांत तो नाही, तिथे पॅडवरची पातळ लोखंडी पट्टी डिस्कला घासून चिरका आवाज करते. चिरका आवाज जाऊन त्याजागी करकर सुरू झाली की पॅड संपून लोखंडावर लोखंड आलेलं असतं. मग पॅडबरोबर डिस्कचाही खर्च येतो.

बटणाच्या हँडब्रेकचा पी दिवा लुकलुकतो आहे.

इलेक्ट्रिक हँडब्रेक पूर्ण लागला नाही किंवा पूर्ण सुटला नाही, असा त्याचा अर्थ. पिवळा दिवा लागून राहिला तर त्याच्या मोटरमध्ये किंवा वायरिंगमध्ये दोष. अशी गाडी उतारावर उभी करू नका. करावीच लागली तर गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. अशा अनेक गाड्यांत मागचे पॅड बदलण्याआधी मोटर स्कॅनरने मागे घ्यावी लागते. पिस्टन जोराने ढकलले तर ती यंत्रणा मोडते.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत उद्गारचिन्हाचा दिवा पिवळाही दिसतो.

या गाड्यांत वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटर करते आणि पेडलचा दाब मोटर आणि नेहमीचे ब्रेक यांत वाटून देणारी यंत्रणा इलेक्ट्रॉनिक असते. पिवळा दिवा बहुधा त्या वाटपातला दोष सांगतो. गाडी थांबते, पण पेडलचा स्पर्श बदलू शकतो, म्हणून लवकर दाखवा. लाल लागला तर इथेही नियम तोच, थांबा.

एकही दिवा नाही, पण पेडल दगडासारखं कडक झालंय.

व्हॅक्यूम बूस्टर काम करत नाहीये, आणि बऱ्याच गाड्यांत त्यासाठी दिवाच नसतो. घरच्या घरी तपासता येतं. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. मग पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. तसूभरही हललं नाही तर व्हॅक्यूमचा पाइप, व्हॉल्व्ह किंवा बूस्टर बघावा लागेल. चालत्या गाडीत असं झालं तर दोन्ही पायांचा जोर लावावा लागला तरी लावा. ब्रेक आहेत, फक्त मदत गेली आहे.

चालत्या गाडीत पेडल पूर्ण आत गेलं तर?

पेडल भराभर अनेक वेळा दाबा, बऱ्याचदा थोडा दाब परत तयार होतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणा म्हणजे इंजिन गाडीला अडवेल. हाताचा हँडब्रेक असेल तर त्याचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा, एकदम ओढलात तर मागची चाकं जाम होतील. इलेक्ट्रिक असेल तर बहुतेक गाड्यांत बटण ओढून धरल्यावर गाडी नियंत्रित ब्रेक लावते. आपल्या गाडीत ते आहे का, हे पुस्तकात आजच बघून ठेवा. हॉर्न आणि धोक्याचे दिवे चालू. गाडी थांबेपर्यंत इंजिन बंद करू नका, त्याने बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत जाते, आणि चावी काढली तर स्टिअरिंगच अडकतं.

स्कॅनर लावून कोड उडवला, दिवा गेला. काम झालं ना?

कोड म्हणजे गाडीने नोंदवून ठेवलेला दोषाचा क्रमांक, तो उडवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. दोष खरा असेल तर पुन्हा सुरू करताच, किंवा थोडं चालवल्यावर, दिवा परत येतो. आणि कोडसुद्धा बहुधा कोणत्या चाकाकडे बघायचं तेवढंच सांगतो. तिथे सेन्सर गेला, वायर गेली की कडी, हे हाताने आणि मीटरनेच कळतं. स्वस्तातले स्कॅनर पी अक्षराने सुरू होणारे इंजिनचे कोड वाचतात. एबीएसचे कोड बहुधा सी अक्षराचे असतात आणि ते वाचणारा स्कॅनर वेगळा लागतो. म्हणून 'स्कॅन केलं, काही नाही' असं उत्तर मिळालं तर एबीएसचं युनिट वाचलं का, हे विचारा.

चावी फिरवली तरी ब्रेकचे आणि एबीएसचे दिवे लागतच नाहीत. मग तर चांगलंच?

नाही. इग्निशन चालू करताच हे दिवे काही सेकंद लागून विझले पाहिजेत, ती त्यांची स्वतःची तपासणी आहे. लागलेच नाहीत तर दिवा गेलाय, किंवा कुणीतरी तो मुद्दाम बंद करून ठेवलाय. जुनी गाडी विकत घेताना हे न चुकता बघा: इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन द्या आणि एबीएसचा दिवा लागतो का, मग आपला आपण विझतो का, ते मोजत बसा. इंजिनच्या किंवा दुसऱ्या एखाद्या दिव्याबरोबर तो अगदी त्याच क्षणी विझत असेल, तर त्याची वायर त्या दिव्याला जोडून दिलेली असू शकते.

हिरवा दिवा?

वर्तुळात पावलाचं चिन्ह असेल तर गाडी ब्रेक दाबायला सांगते आहे, मग ती सुरू होईल किंवा गिअर पडेल. ऑटो होल्डचा हिरवा दिवा म्हणजे सिग्नलला गाडी ब्रेक धरून उभी आहे. त्याच्या भरवशावर गाडीतून उतरू नका, हँडब्रेक लावा.

गॅरेजमध्ये नेमकं काय सांगू?

'ब्रेकचा दिवा लागतो' एवढं पुरत नाही. दिवा लागलेला असताना गाडी उभी करून डॅशबोर्डचा फोटो काढा, कारण कोणते दिवे एकत्र लागले यावरच अर्धं निदान होतं आणि गॅरेजमध्ये पोचेपर्यंत त्यातला एखादा विझलेला असतो. तो कधी लागला ते सांगा: गाडी सुरू करताच, थोडा वेग घेतल्यावर, वळताना, पावसात, की खड्ड्यात आदळल्यावर. वेग घेतल्यावर लागणारा दिवा बहुधा चाकाच्या सेन्सरकडे नेतो, सुरू करताच लागणारा वायरिंग, फ्यूज किंवा युनिटकडे. पेडल कसं लागतं, गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते का, अलीकडे बॅटरी, टायर, बेअरिंग किंवा पॅड बदललेत का, हेही सांगा. आणि काम झाल्यावर मेकॅनिकला शेजारी बसवून, मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात दोन-चारदा ब्रेक मारून बघितल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.